बाद फेरीचे गणित आणि पंचांचा निर्णय : मुंबईतील फुटबॉल समर्थकांच्या चर्चेचे विवेचन

सारांश

आपला संघ बाद फेरी गाठेल काय आणि पंचांनी आपल्यावर अन्याय केला काय, हे दोन प्रश्न फुटबॉल समर्थकांच्या चर्चेत नेहमी एकत्र येतात. वस्तुतः पहिला प्रश्न अंकगणिताचा, तर दुसरा नियम, मानसशास्त्र आणि विश्वास यांचा आहे. मुंबई सिटी एफसी या संघाच्या २०१६ ते २०२५ या काळातील निवडक प्रसंगांच्या आधारे या दोन प्रश्नांतील संबंध व भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजशब्द : फुटबॉल, समर्थक, बाद फेरी, पंच, पक्षपात, मुंबई सिटी एफसी, वांद्रे.

प्रस्तावना

मुंबई हे क्रिकेटचे शहर मानले जाते. तथापि येथील फुटबॉलची परंपराही दीर्घ आहे. रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये याच शहरात सुरू झाली. वांद्र्याच्या गावठाणांतील गोमंतकीय व ईस्ट इंडियन कुटुंबांत आणि तेथील मिशनरी शाळांत हॉकीबरोबर फुटबॉलही पिढ्यान्‌पिढ्या रुजला. वांद्रे रेक्लमेशन येथील मैदानाला नेव्हिल डिसूझा यांचे नाव देण्यात आले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय मिळविला, त्या सामन्यात तीन गोल करणारे डिसूझा हे ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक साधणारे पहिले आशियाई खेळाडू ठरले.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबईला मुंबई सिटी हा संघ लाभला. प्रारंभी नवी मुंबईत खेळणारा हा संघ २०१६ पासून अंधेरी क्रीडा संकुलातील मुंबई फुटबॉल अरीनामध्ये खेळू लागला. वांद्र्याच्या प्रेक्षकाला मैदान लोकलच्या चार स्थानकांवर आले. मैदानाच्या पश्चिम भागात बसणाऱ्या समर्थकांचा ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हा गट याच वातावरणात नावारूपास आला. सामन्यानंतरच्या परतीच्या प्रवासात गुणतक्ता आणि पंच हे दोन विषय अटळ ठरतात. त्यांची सरमिसळ कोठे होते, हे पाहणे अभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

बाद फेरीचे गणित

साखळी स्पर्धेत विजयास तीन गुण व बरोबरीस एक गुण मिळतो. २०२२-२३ ते २०२४-२५ या तीन हंगामांत पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकांच्या संघांत प्रत्येकी एकच सामना होई व तो वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर खेळविला जाई. त्यापूर्वी केवळ चार संघांना बाद फेरीत प्रवेश होता. म्हणजेच सहावे स्थान हे पूर्वी अपयशाचे, तर नंतर आशेचे स्थान ठरले. समर्थकांच्या चर्चेची मुदत हंगामाच्या अखेरच्या दिवसापर्यंत लांबली, ती या बदलामुळे.

२०२४-२५ चा हंगाम याचे उत्तम उदाहरण होय. ओडिशा एफसीचे २४ सामने ३३ गुणांवर संपले. मुंबईचेही ३३ गुण होते. पण तिचा एक सामना शिल्लक होता व त्यात बरोबरीही पुरेशी होती. ११ मार्च २०२५ रोजी मुंबईने बेंगळुरू एफसीचा २-० असा पराभव करून ३६ गुणांसह सहावे स्थान मिळविले. त्यानंतर अवघ्या १८ दिवसांनी, २९ मार्च रोजी, बाद फेरीच्या सामन्यात त्याच बेंगळुरूने मुंबईचा ०-५ असा धुव्वा उडविला.

या दोन निकालांतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. साखळीचा गुणतक्ता हा दीर्घ कालावधीतील सातत्याचा हिशेब असतो, तर बाद फेरी एका रात्रीची कसोटी असते. २०१६ मध्ये मुंबई साखळीत अव्वल ठरली, परंतु उपांत्य फेरीत ॲटलेटिको द कोलकाताकडून एकूण २-३ अशी पराभूत झाली. २०२२-२३ मध्येही साखळी विजेतेपद मुंबईकडेच होते. उपांत्य फेरीत बेंगळुरूविरुद्ध दोन सामन्यांअंती एकूण २-२ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी किकच्या फेरीत ८-९ असा पराभव पदरी आला. जितके सामने कमी, तितका एकेका चुकीचा भार अधिक. मग ती चूक बचावपटूची असो वा पंचाची. बाद फेरीत पंचांविषयीचा रोष वाढतो, त्याचे एक कारण या रचनेतच आहे.

पंचांचे निर्णय : नियम आणि वाद

फुटबॉलच्या पाचव्या नियमानुसार खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम असतो. ‘अंतिम’ याचा अर्थ ‘अचूक’ असा नव्हे. सामना पुढे चालावा यासाठी कोणाचा तरी शब्द शेवटचा मानावा लागतो, एवढाच त्याचा आशय आहे. समर्थकांच्या बहुतेक वादांत या दोन शब्दांतील अंतर पुसले जाते.

३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरू व केरला ब्लास्टर्स यांच्यातील बाद फेरीच्या सामन्यात अतिरिक्त वेळेत, ९६ व्या मिनिटाला, सुनील छेत्री यांनी बचावाची भिंत उभी राहण्यापूर्वीच फ्री किक घेऊन गोल केला. केरळच्या संघाने निषेध म्हणून मैदान सोडले. तेराव्या नियमानुसार फ्री किक त्वरित घेता येते. मात्र पंचाने शिटीची वाट पाहण्याची खूण केली असेल तर थांबावे लागते. वादाचा मुद्दा पंचाने तशी खूण केली होती काय, एवढाच होता. गोल कायम राहिला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळच्या क्लबला चार कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली. येथे शिक्षा झाली ती मतभेदाबद्दल नव्हे, सामना सोडल्याबद्दल. मुंबईच्या समर्थकांच्या दृष्टीनेही हा प्रसंग परका नव्हता. कारण त्या निकालामुळेच उपांत्य फेरीत बेंगळुरू हा प्रतिस्पर्धी ठरला.

२० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीत मुंबईने मोहन बागान सुपर जायंटला २-१ असे हरविले. या सामन्यात एकूण सात लाल कार्डे दाखविण्यात आली व त्यांपैकी काही अखेरच्या शिटीनंतरची होती. सामना जिंकूनही मुंबईच्या समर्थकांत समाधानापेक्षा संतापाची चर्चा अधिक झाली. कारण लाल कार्डाची झळ पुढील सामन्यांना लागते.

याउलट त्याच हंगामात एका निर्णयाचा लाभही मुंबईला झाला. मार्च २०२४ मध्ये जमशेदपूर एफसीविरुद्धचा सामना १-१ असा सुटला होता. मैदानावर किमान सात भारतीय खेळाडू असावेत, हा नियम जमशेदपूरकडून मोडला गेल्याने महासंघाने तो सामना ३-० असा मुंबईला बहाल केला. गुणतक्त्यात दोन गुणांची भर पडली. आपल्या विरुद्ध गेलेले निर्णय जितके स्मरणात राहतात, तितके आपल्या बाजूचे राहत नाहीत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

पाहणाऱ्याचा पक्ष

या विस्मृतीला अप्रामाणिकपणा म्हणणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील डार्टमथ व प्रिन्स्टन या संस्थांमधील १९५१ च्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचे चित्रण हॅस्टॉर्फ व कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना दाखविले. एकच चित्रफीत पाहून प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी डार्टमथच्या संघाच्या चुका डार्टमथच्या विद्यार्थ्यांपेक्षा सुमारे दुप्पट मोजल्या. १९५४ च्या त्यांच्या निबंधाचा आशय असा की, दोन्ही गटांनी जणू दोन निराळे सामने पाहिले होते.

पंचही या मर्यादेपलीकडे नसतात. नेव्हिल, बामर व विल्यम्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० पात्र पंचांना एका सामन्यातील झटापटी दाखविल्या. प्रेक्षकांचा आवाज ऐकत निर्णय देणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. म्हणजे कल असू शकतो, परंतु त्यामागे कट असतोच असे नाही. चूक, कल आणि कट या तीन गोष्टी वेगळ्या असून त्यांच्यासाठी लागणारा पुरावाही वेगळा असतो. एका चित्रफितीवरून चूक सिद्ध होईल. कल सिद्ध करण्यास अनेक सामन्यांची नोंद लागेल. कटाचा आरोप करणाऱ्यास त्याहून फार मोठी जबाबदारी घ्यावी लागेल.

तंत्रज्ञानाची मर्यादा

२०१८ मध्ये व्हिडिओ साहाय्यक पंचाची तरतूद फुटबॉलच्या नियमांत झाली. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत इंडियन सुपर लीगमध्ये ही पद्धत वापरली गेली नव्हती. ती आल्यास वाद संपतील, ही अपेक्षा मात्र अवास्तव आहे. मूळ तरतुदीनुसार गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि खेळाडूची चुकीची ओळख या चारच बाबी तपासता येत होत्या. २०१६ च्या उपांत्य फेरीत डिएगो फोर्लान यांना दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे मैदान सोडावे लागले व ते परतीच्या सामन्यास मुकले. तसा निर्णय या चार बाबींत बसत नव्हता. तंत्रज्ञान दृश्य पुन्हा दाखविते. त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो.

समारोप

बाद फेरीची शक्यता गुणांनी ठरते आणि गुणांवर पंचांच्या निर्णयांचा परिणाम होतो, हे नाकारता येत नाही. तरीही संपूर्ण हंगामाचे अपयश एका शिटीच्या माथी मारणे तर्काला धरून नाही. १५ एप्रिल २०२४ रोजी साखळी विजेतेपदासाठी मुंबईला कोलकात्यात बरोबरी पुरेशी होती. १-२ अशा पराभवाने ते मोहन बागानकडे गेले. गुण होते ४८ व ४७. त्याच मैदानावर ४ मे रोजी त्याच प्रतिस्पर्ध्याला ३-१ असे हरवून मुंबईने अंतिम चषक जिंकला. तीन आठवड्यांत पारडे फिरले, ते मैदानावरील खेळाने.

या चर्चेत खरोखर पणाला लागतो तो खेळावरील विश्वास. वादग्रस्त निर्णयाचे नियमाधारित स्पष्टीकरण संघटनेने जाहीरपणे दिले, तर संशयाला कमी जागा उरेल. समर्थकानेही आरोप करण्यापूर्वी नियम वाचावयास हवा. मोठ्या सामन्याचा पंच अखेर शालेय व जिल्हा पातळीवरील मैदानांतूनच घडतो. तेथे त्याला केवळ शिवीगाळच लाभणार असेल, तर उद्या चांगला पंच मिळणार कोठून? महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी विद्यार्थ्यांना खेळाडू म्हणून घडविताना पंच म्हणूनही घडविणे, हा या प्रश्नावरील संथ परंतु खात्रीचा उपाय होय.