आजार आटोक्यात, पण मनावरचा ताण?

बीड शहराजवळ, धुळे-सोलापूर महामार्गावर पाली हे गाव आहे. बिंदुसरा धरणामुळे ते परिचित आहेच. परंतु दत्ता व संध्या बारगजे ह्या दांपत्याने तेथे ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था उभारून एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना घर दिले, म्हणूनही ते ओळखले जाते. आईवडिलांचे छत्र हरपलेल्या, नातलगांनी नाकारलेल्या बालकांना तेथे आसरा मिळाला. दीर्घकालीन आजार आणि मानसिक ताण ह्यांचा विचार करताना आम्हांला ह्या कार्याचा उल्लेख महत्त्वाचा वाटतो.

संकट समोर येताच मेंदू शरीराला सावध करतो. अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, नाडी जलद होते. संकट टळले की शरीर पूर्वपदावर येते. दीर्घ आजाराचे संकट मात्र टळत नाही. ताण महिनोन्‌महिने टिकल्यास झोप उडते, भूक मंदावते, रोगप्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. खचलेल्या रुग्णाकडून औषधाच्या वेळा चुकतात. एचआयव्हीच्या बाबतीत हे विशेष घातक, कारण वारंवार खंड पडल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

रिचर्ड लाझारस व सुझन फोकमन ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1984 साली ताणाची उकल मांडली. आपल्यापुढे काय उभे ठाकले आहे आणि त्याला तोंड देण्यास आपल्याजवळ काय आहे, ह्या दोहोंचा मेळ बसत नाही असे मनाला वाटले की ताण निर्माण होतो. म्हणजेच तोच आजार एकट्या माणसाला असह्य वाटतो, तर सोबत असलेल्याला पेलता येतो.

औषधांची उणीव आज पूर्वीसारखी नाही. भारतात शासकीय केंद्रांतून एआरटी औषधे 2004 पासून विनामूल्य मिळू लागली. ती नियमित घेतल्यास विषाणू दबून राहतो व रुग्ण दीर्घायुष्य जगू शकतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा एका बाकावर बसल्याने हा संसर्ग होत नाही. तरीही ताट वेगळे केले जाते, आणि आजाराच्या ओझ्यावर अपमानाचे ओझे चढते. हे दुसरे ओझे विषाणूने दिलेले नाही. ते आपण दिलेले आहे, म्हणून ते उतरवणेही आपल्याच हाती आहे.

मुलांपासून आजार लपवून ठेवावा, असे अनेक पालकांना वाटते. परंतु रोज गोळी का घ्यायची, हे न कळलेले मूल मनातल्या मनात अधिक भिते. शालेय वयाच्या मुलांना त्यांच्या समजुतीनुसार, टप्प्याटप्प्याने सत्य सांगावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली केली. मात्र ते इतरांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्‌स कायद्याने गोपनीयतेला संरक्षण दिले असून शाळा, नोकरी व उपचार ह्यांत भेदभावास मनाई केली आहे.

मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग असलेली माणसे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. त्यांच्यासाठी काय करता येईल? भेटीस जावे, पण उपदेशाची घाई करू नये. त्यांचे ऐकून घ्यावे. दवाखान्यात सोबत जावे. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला एखादी दुपार विसावा द्यावा. उदासी अनेक आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. त्यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही. प्रार्थना मनाला बळ देते, परंतु प्रार्थनेच्या भरवशावर कोणी औषध सोडत असेल, तर त्यास प्रेमाने व स्पष्टपणे थांबवणे हे आपले कर्तव्य होय.

प्रत्येक आजार बरा करणे आपल्या हाती नाही. आजारी माणसाला एकटे न पाडणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.