कॅल्शियमची गोळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले की अनेक घरांत कॅल्शियमची गोळी सुरू होते. ती कोणत्या प्रकारची, केव्हा आणि किती घ्यायची, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

गैरसमज : कॅल्शियमने गुडघेदुखी जाते.
वस्तुस्थिती : उतारवयातली गुडघेदुखी बहुधा सांध्यातली कूर्चा झिजल्याने होते. कॅल्शियम हाडांसाठी असतं. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही.

गैरसमज : १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत तेवढंच कॅल्शियम असतं.
वस्तुस्थिती : हे वजन अख्ख्या क्षाराचं. कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये २१ आणि ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ९. म्हणजे १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमधून ५०० मिलिग्रॅमच मिळतं. गोळ्यांच्या पट्टीमागचा ‘एलिमेंटल कॅल्शियम’ हाच आकडा पाहावा.

गैरसमज : कार्बोनेट स्वस्त, म्हणून कुचकामी.
वस्तुस्थिती : कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबत घ्यावं, मग ते चांगलं शोषलं जातं. सायट्रेट उपाशीपोटीही चालतं. पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी नेहमी घेणाऱ्यांना तेच बरं. शिंपल्यांचं किंवा प्रवाळाचं ‘नैसर्गिक’ कॅल्शियमही मुळात कार्बोनेटच.

गैरसमज : दिवसभराचं कॅल्शियम एकदमच घेतलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच ते नीट शोषलं जातं. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगतात. लोहाची गोळी सोबत घेऊ नये. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास थांबावं. ड जीवनसत्त्व कमी असेल, तर कितीही गोळ्या घेतल्या तरी शोषण कमीच राहतं.

गैरसमज : मुतखडा झाला की दूध-दही बंद.
वस्तुस्थिती : जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं, त्यामुळे ऑक्झलेटच्या खड्यांचा धोका उलट घटतो. गोळ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात ३६ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळलं, असं २००६ मध्ये जाहीर झालं. खुब्याच्या हाडाची घनता किंचित वाढली, पण तिथले अस्थिभंग लक्षणीय घटले नाहीत.

गैरसमज : रोज चिमूटभर चुना खाल्ला की गोळी नको.
वस्तुस्थिती : चुना हा तीव्र अल्कली. तोंड, अन्ननलिका भाजू शकते, आणि चिमटीत किती आला याचं माप नाही.

प्रौढ माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिलिग्रॅम मिळतं, पेलाभर दुधातून २४०च्या आसपास. तिळातही ते भरपूर असतं. आधी ताटातला हिशेब मांडावा. तूट राहिली, तर तेवढ्यापुरतीच गोळी, तीही डॉक्टरांना विचारून. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर नक्कीच.