गोल फिरणाऱ्याला जाडी कळत नाही

घरच्या सीएनसी राउटरला रोटरी, म्हणजे जॉब (कोरायचा तुकडा) चकमध्ये पकडून गोल फिरवणारं जोडसाधन, बसवली की यंत्राला चौथी चाल मिळते आणि मालकाला नवा उद्योग. एक्स, वाय, झेड हे तिघे सरळमार्गी. सांगाल तितके मिलिमीटर जातात आणि थांबतात. चौथा अंशांत बोलतो. एक्सभोवती फिरला तर तो ए, वायभोवती फिरला तर बी, झेडभोवती फिरला तर सी. नावाची वाटणी इतकी सोपी आहे. अवघड आहे तो त्याचा स्वभाव: चकमध्ये पकडलेला जॉब पेन्सिलीएवढा आहे की मुसळाएवढा, याचा या गड्याला पत्ताच नसतो. पुढच्या काही गमती याच अज्ञानातून निघतात.

एफ ३६० म्हणजे नक्की किती?

नुसता ए फिरवायचा असेल तर बहुतेक कंट्रोलर फीडचा आकडा मिनिटाला अंश असा वाचतात. एफ ३६० म्हणजे मिनिटाला एक फेरी. जॉब १०० मिमी व्यासाचा असेल तर कटरखालून मिनिटाला ३१४ मिमी लाकूड सरकतं. १० मिमीची दांडी असेल तर जेमतेम ३१. आकडा तोच, वेग दहापट वेगळा. जत्रेतल्या मेरी-गो-राउंडवर बाहेरच्या घोड्यावर बसणाऱ्याला हे गणित न शिकवता कळतं.

एक्स आणि ए एकत्र चालले की आणखी मजा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या प्रकल्पातून जन्मलेल्या लिनक्ससीएनसी या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी एफचा हुकूम फक्त सरळ चालींना लागू होतो. ए बिचारा मागून धावत वेळ गाठतो. समजा, एफ ३०० आहे आणि एक्स १ मिमी सरकताना ए ने एक पूर्ण फेरी मारायची आहे. १ मिमीला वेळ मिळतो ०.२ सेकंद. म्हणजे चकने मिनिटाला ३०० फेऱ्या माराव्यात अशी अपेक्षा! मोटरच्या कमाल वेगाची मर्यादा सेटिंगमध्ये नीट घातली असेल तर कंट्रोलर स्वतःच सगळं हळू करतो. नसेल घातली, तर मोटर जागच्या जागी कण्हते आणि स्टेप चुकवते.

यावर जुना उतारा आहे जी ९३, म्हणजे वेळेचा उलटा हिशेब. इथे एफ २ म्हणजे ‘ही चाल अर्ध्या मिनिटात उरक’, एफ ४ म्हणजे पाव मिनिटात. अट एकच: कापणाऱ्या प्रत्येक ओळीवर एफ नव्याने लिहायचा. मागच्या ओळीचा आकडा पुढे चालत नाही, विसरलात की कंट्रोलर तक्रार करून थांबतो.

वायची वायर काढा, रोटरीला लावा

नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडने २००९ मध्ये जीआरबीएल हे कंट्रोल सॉफ्टवेअर लिहिलं आणि अर्दुइनो उनोसारख्या स्वस्त बोर्डावर सीएनसी धावू लागलं. मूळ जीआरबीएलला तीनच अक्ष माहीत. मग छंदी मंडळींनी सरळ जुगाड केला: वायच्या मोटरची वायर काढून रोटरीला जोडायची आणि यंत्राला काही सांगायचंच नाही. ते आपलं वाय चालवतोय या समजुतीत जॉब गोल फिरवत राहतं. ५० मिमी व्यासाच्या दांडक्याचा घेर १५७.०८ मिमी, तेव्हा वायने १५७.०८ मिमी जाणं म्हणजे एक फेरी, अशी सेटिंग बसवायची. सपाट कागदावर काढलेली नक्षी दांडक्यावर आपोआप गुंडाळली जाते.

फसवणुकीचा दंड मात्र खोलीवर बसतो. त्याच दांडक्यात ५ मिमी खोल कोरलंत तर तळाशी व्यास उरतो ४० मिमी. वरच्या अक्षरांपेक्षा तळातली अक्षरं २० टक्के चिंचोळी होतात. उथळ नक्षीत हे दिसत नाही. खोल उठावाच्या कामात, विशेषतः चेहरा कोरताना, चांगलंच दिसतं.

न संपणारे तीन

नेहमीच्या स्टेपर मोटरची एक स्टेप १.८ अंशांची, फेरीला २०० स्टेप. ड्रायव्हरने प्रत्येकीचे १६ तुकडे केले की ३२००. बेल्ट-पुलीचं गुणोत्तर ६:१ असेल तर चकच्या एका फेरीला १९,२००. आता ३६० ने भागा: अंशाला ५३.३३३३… आणि हे तीन काही संपत नाहीत.

सेटिंगमध्ये ५३.३३३ लिहून मोकळे झालात तर फेरीमागे ०.१२ स्टेपची चोरी होते. शंभर फेऱ्यांत १२ स्टेप, म्हणजे ०.२२५ अंश. ५० मिमीच्या जॉबच्या कडेवर हे साधारण ०.१ मिमी होतं. आणखी दोन-तीन तीन लिहिले असते तर हा प्रश्नच उरला नसता!

एक सूचना, जाता जाता: स्टेपचे १६ तुकडे पाडले म्हणून अचूकता सोळापट होत नाही. एका तुकड्याएवढं सरकायला मोटरकडे तिच्या पूर्ण पकडीच्या दहा टक्क्यांच्या आसपासच जोर असतो. कटरने जरा रेटलं की तो तुकडा गेलाच. खरी सुधारणा गिअर किंवा बेल्टच्या गुणोत्तरातून येते.

घरी परतायला एक तास

ही माझी सगळ्यात आवडती गंमत. ३०० मिमी लांबीचा टेबलाचा पाय आहे. कटर सलग मळसूत्रासारखा फिरतोय, दर फेरीला अर्धा मिलिमीटर पुढे. एकूण फेऱ्या ६००. कंट्रोलरच्या लेखी ए आता शून्यावर नाही, तो २,१६,००० अंशांवर आहे. डोळ्यांना चक जिथून निघाला तिथेच दिसतो, पण यंत्र प्रत्येक फेरीचा हिशेब ठेवून आहे. फाइलच्या शेवटच्या ओळीत कुणीतरी शिस्तीने लिहिलेलं असतं: जी ० ए ०. घरी जा.

आणि तो जातो. उलट्या दिशेने, सगळ्या ६०० फेऱ्या उलगडत. रोटरीचा कमाल वेग मिनिटाला १० फेऱ्या असेल तर तासभर. कटर वर उचललेला, भुसा खाली बसलेला, चहा पिऊन झालेला आणि चक निष्ठेने मागे फिरतोय.

सुटका सोपी आहे. काम संपताच जी ९२ ए ० लिहून ‘तू जिथे आहेस तेच शून्य’ असं सांगून टाकायचं. लिनक्ससीएनसीत फिरता अक्ष ३६० वर गुंडाळायची सोय आहे, जुन्या माक ३ या सॉफ्टवेअरमध्येही होती.

यातच एक सूक्ष्म खोड लपलेली आहे. उनोवरचं जीआरबीएल दशांशाचं गणित ३२ बिटांत करतं. आकडा जितका मोठा, तितकी त्याची बारीक नजर मंद होत जाते. २,१६,००० च्या परिसरात दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर तब्बल ०.०१५६ अंश होतं, आणि आपल्या रोटरीची एक स्टेप आहे ०.०१८७५ अंशांची. म्हणजे फेऱ्या वाढवत नेल्या की एका मुक्कामाला यंत्राची पावलं बारीक आणि गणित जाड, अशी स्थिती येते. यंत्रातली चूक शोधताना गणिताकडे कोण बघतो!

हे सगळं १८६२ सालीच झालंय

सरकत्या टेबलाला फिरता जॉब जोडण्याची कल्पना संगणकवाल्यांची नाही. ड्रिलच्या पिळदार खाचा हाताने कानस मारून करायच्या, हे वेळखाऊ काम अमेरिकेतल्या जोसेफ ब्राउनला खटकलं. यादवी युद्ध चालू होतं, बंदुकीच्या सुट्या भागांसाठी ड्रिल भराभर हवे होते. त्याने युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवलं: टेबल पुढे सरकलं की गिअरमधून जॉब त्याच प्रमाणात फिरतो. पहिलं यंत्र मार्च १८६२ मध्ये प्रॉव्हिडन्स टूल कंपनीला विकलं गेलं. एक्स आणि ए ची जोडगोळी, निव्वळ दातऱ्या चाकांवर.

अशा यंत्रावरच्या डिव्हायडिंग हेडशी, म्हणजे फेरीचे समान भाग पाडणाऱ्या साधनाशी, आपल्याकडे आयटीआयमध्ये मशिनिस्टचा ट्रेड केलेल्या प्रत्येकाची झटापट झालेली असते. हँडल ४० वेळा फिरवलं की जॉब एकदा फिरतो. सात दात पाडायचेत? ४० भागिले ७: पाच पूर्ण फेऱ्या आणि तबकडीवरच्या २१ भोकांच्या वर्तुळावर आणखी १५ भोकं. काटेकोर उत्तर, शिल्लक शून्य. आपली १९,२०० स्टेपची रोटरी मात्र सातने भागली की २७४२.८५७ वर अडते. फरक स्टेपच्या अंशाएवढा, कामाला काही बाधा नाही, पण भोकांच्या तबकडीने संगणकाला मारलं ते मारलंच.

त्याही आधी, १७७५ च्या सुमारास, लंडनच्या जेसी रॅम्सडेनने वर्तुळावर अंशांच्या खुणा पाडणारं यंत्र पूर्ण केलं. त्याच्या चाकाला २१६० दात होते, त्या दातांत अडकलेला स्क्रू, म्हणजे वर्म, एकदा फिरवला की चाक बरोबर १० कला (अंशाचा सहावा भाग) सरके. दर्यावर्दींच्या सेक्स्टंटवरच्या बारीक खुणा त्यातून झटपट पडू लागल्या. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ लॉन्जिट्यूडने त्याला ६१५ पौंड दिले, पण रचना छापून सर्वांना खुली करायची आणि इतर कारागिरांना शिकवायची या अटीवर. ओपन सोर्स म्हणा हवं तर.

चंद्रावरचा गिअरबॉक्स

रॅम्सडेनसारखाच वर्म वापरणाऱ्या आजच्या रोटरीत दातांमध्ये थोडी ढिलाई असतेच. टेबलावर ती ०.१ अंश असली तरी केंद्रापासून ५० मिमीवर ०.०९ मिमीचा झोल होतो. बेल्टमध्ये हा त्रास बराच कमी, म्हणून पहिल्या रोटरीसाठी मी डोळे झाकून बेल्टच सुचवीन. हौस वाढली की मंडळी हार्मोनिक ड्राइव्हकडे वळतात. लवचिक पोलादी वाटी किंचित लंबगोल दाबून फिरवणारा हा गिअर १९५० च्या दशकात वॉल्टन मसरने शोधला. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या चांद्रगाडीच्या प्रत्येक चाकात तो होता, ८०:१ गुणोत्तराचा, पाव अश्वशक्तीच्या मोटरला जोडलेला.

५०:१ चा हार्मोनिक आपल्या ३२०० स्टेपच्या मोटरला लावला तर फेरीला १,६०,००० स्टेप होतात. जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० स्टेप सोडू शकतं, म्हणजे एका फेरीला पाच सेकंदांहून जास्त वेळ, कितीही घाई करा. घड्याळाची तबकडी कोरायला हा गिअर उत्तम. टेबलाचे चार पाय उरकायचे असतील तर बेल्टच बरा.