सर्व्हर चालू आहे, मग पान का उघडत नाही?

गुरुचरित्र वाचणाऱ्यांना कडगंची ठाऊक असतं ते सायंदेवांचं गाव म्हणून. आळंद तालुक्यातल्या याच गावाजवळ २००९ साली स्थापन झालेलं कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलांना, मग ती इथली असोत की सोलापूरची, एक प्रोग्रॅम हमखास लिहावा लागतो: पायथनमधला वीस-पंचवीस ओळींचा सॉकेट सर्व्हर, ज्याला ब्राउझरमधून गाठायचं. प्रोग्रॅम चालू होतो, पान उघडत नाही, आणि कोणीतरी म्हणतंच, ‘फायरवॉल असेल.’

हा सगळ्यात लाडका गैरसमज. फायरवॉल बहुधा आलेलं पॅकेट गुपचूप टाकून देते. उत्तरच न मिळाल्याने ब्राउझर ताटकळतो आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ म्हणतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं तडकाफडकी आलं तर समोरचं मशीन बहुतेक वेळा जागं असतं. त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नसतं, एवढंच. त्रुटीचा संदेश न वाचता फायरवॉल बंद करत सुटणं हा निव्वळ आळस आहे. ‘पिंग लागतोय, म्हणजे पोर्टही खुलं आहे’ हेही खरं नाही. पिंगमध्ये पोर्ट ही भानगडच नसते.

‘माझ्या लॅपटॉपवर उघडतं, म्हणजे मोबाइलवरही उघडेल.’ सर्व्हर १२७.०.०.१ या पत्त्याला बांधला असेल तर तो त्याच मशीनपुरता असतो. बाहेरच्यांनी यावं असं वाटत असेल तर ०.०.०.० ला बांधा आणि मोबाइलमध्ये लॅपटॉपचा खरा आयपी पत्ता टाका. तिथे ‘लोकलहोस्ट’ लिहिलंत तर मोबाइल स्वतःलाच हाक मारतो. एवढं करूनही जमलं नाही तर वाय-फाय तपासा. वसतिगृहांच्या आणि कॉलेजांच्या वाय-फायवर बऱ्याचदा एका उपकरणाला दुसरं दिसूच दिलं जात नाही. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिलं की दोष कुणाचा ते कळतं.

खरी गंमत जोडणी झाल्यानंतर सुरू होते. ‘सॉकेट जोडलं गेलं, आता काहीही पाठवलं तरी ब्राउझर दाखवेल,’ असं वाटतं. क्रोमला ८०८० पोर्टवरून नुसतं ‘नमस्कार’ पाठवून पाहा. तो ‘इनव्हॅलिड रिस्पॉन्स’ म्हणून हात झटकतो. हेडरविना थेट मजकूर पाठवायची पद्धत एचटीटीपीच्या पहिल्यावहिल्या, ०.९ आवृत्तीची होती. आता आधी ‘एचटीटीपी/१.१ २०० ओके’ ही ओळ हवी, मग हेडर, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर मजकूर. ती रिकामी ओळ विसरली तर मजकूरही हेडरच समजला जातो.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी एक खड्डा आहे, आणि इंग्रजी उदाहरणं गिरवणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. कंटेंट-लेंग्थ या हेडरमध्ये अक्षरांची नव्हे, बाइटांची संख्या द्यायची असते. ‘हॅलो’ इंग्रजीत लिहिलं तर दोन्ही आकडे सारखेच, म्हणून चूक झाकली जाते. ‘नमस्कार’ची लांबी पायथनला विचारली तर तो ७ सांगतो, कारण पाय मोडण्याचं चिन्ह आणि काना हेही तो वेगळे मोजतो. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. हेडरमध्ये ७ लिहिलंत तर ब्राउझर सातव्या बाइटला थांबतो: पडद्यावर ‘नम’ आणि पुढे एक प्रश्नचिन्हाचा चौकोन. कन्नडमध्ये ‘नमस्कार’ लिहिलं तरी हिशेब तोच, ७ आणि २१. उपाय सोपा: आधी मजकूर यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा, मग लांबी मोजा. कंटेंट-टाइपमध्ये चारसेट यूटीएफ-८ आहे हेही सांगा, नाहीतर नमस्काराच्या जागी अगम्य लॅटिन अक्षरं उमटू शकतात.

उलट चूकही होते. आकडा जास्त दिला, किंवा तो दिलाच नाही आणि जोडणीही बंद केली नाही, की पान गरगरतच राहतं. ब्राउझर उरलेल्या मजकुराची वाट पाहत असतो. आणि ब्राउझरची विनंती पुरती न वाचताच सॉकेट बंद केलंत तर ‘कनेक्शन रिसेट’ येऊ शकतं. शंभर बाइट वाचून ‘झालं’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमचं नेमकं हेच होतं.

‘पान एकदाच उघडलं, मग सर्व्हरवर दोन विनंत्या कशा?’ दुसरी विनंती बहुधा टॅबवरच्या छोट्या चित्रासाठी, फेव्हिकॉनसाठी असते. क्रोम कधीकधी पुढे लागेल म्हणून एक जादा जोडणीही उघडून ठेवतो आणि तिच्यावर काहीच पाठवत नाही. एका वेळी एकच गिऱ्हाईक पाहणारा सर्व्हर त्या मुक्या जोडणीपाशी अडकतो आणि दोष मात्र नेटवर्कला लागतो. टाइमआउट किंवा थ्रेड लावला की सुटतो.

सर्व्हरच्या खिडकीत विनंतीच्या जागी कचरा दिसला आणि त्याचा पहिला बाइट हेक्समध्ये १६ असला, तर तो हल्ला नव्हे. ब्राउझर एचटीटीपीएसने बोलतोय. पत्त्याच्या सुरुवातीचा एक ‘एस’ काढून टाका.