फिरत्या ध्वनियंत्रणेतील दोषांचा शोध

लग्नाचा मांडव सजला आहे. वीज जनरेटरवरून घेतलेली आहे, दिव्यांच्या माळा लागल्या आहेत आणि एका कोपऱ्यात डीजेचालकाने आपला मिक्सर, अॅम्प्लिफायर व स्पीकर जोडून सिद्ध ठेवले आहेत. तो बटण दाबतो. परंतु गाणे सुरू होण्यापूर्वीच स्पीकरमधून जड, सलग घरघर ऐकू येऊ लागते. पाहुणे वळून पाहतात. चालक आवाज वाढवितो, तेव्हा गाण्याबरोबर घरघरही वाढते. तो एक केबल हलवितो, दुसरी बदलतो आणि शेवटी त्याचा हात अॅम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगकडे जातो. त्यातील जाड पिन काढून टाकली की घरघर थांबते, असे त्याने कोणाकडून तरी ऐकलेले असते. ते पुष्कळदा खरेही ठरते. परंतु ज्या क्षणी घरघर थांबते, त्याच क्षणी त्या यंत्राला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक माणसाचे संरक्षण नाहीसे झालेले असते.

असे का घडते आणि घरघर थांबविण्याचा सुरक्षित मार्ग कोणता, हे समजण्यासाठी प्रथम ध्वनियंत्रणेची रचना ध्यानात घेतली पाहिजे.

ध्वनीची साखळी

बारातीपुढे गाडीवरून चालणारी यंत्रणा असो, महाराष्ट्रात जिला लोक सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात ती मिरवणुकीतील यंत्रणा असो, की सभेतील एकच माईक असो, मूळ रचना एकच असते. मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विजेच्या कंपनांत रूपांतर करतो. त्याच्याकडून मिळणारा विद्युत्‌दाब फार थोडा, म्हणजे काही सहस्रांश व्होल्ट इतकाच असतो. मिक्सर तो सुमारे एक व्होल्टपर्यंत चढवितो, अॅम्प्लिफायर त्याचे दशकांत मोजण्याजोगे व्होल्ट करतो आणि त्या शक्तीवर स्पीकरचा पडदा हलतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. साखळीच्या आरंभी शिरलेला उपद्रव पुढील प्रत्येक टप्प्यावर वाढत जातो. म्हणून अॅम्प्लिफायरपुढे निरुपद्रवी ठरणारी क्षुल्लक गडबड मायक्रोफोनच्या तारेत शिरल्यास असह्य होते.

दोष शोधण्याची रीतही याच रचनेतून निघते. साखळी मध्यावर तोडावी आणि उपद्रव कोणत्या अर्ध्या भागात राहिला ते पाहावे. मिक्सर वेगळा केल्यावरही अॅम्प्लिफायर घरघरत असेल, तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. सदोष भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. या रीतीने आठ कड्यांच्या साखळीतील एकच सदोष कडी तीन चाचण्यांत सापडते. मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि कोणताही प्लग काढण्यापूर्वी अॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणावा. जो चालक घाईने तीन केबली एकदम बदलतो, त्याची घरघर कदाचित थांबेल. परंतु ती का थांबली हे त्याला कळणार नाही आणि पुढच्या मांडवात ती पुन्हा त्याच्यापुढे उभी राहील.

पन्नास कंपनांची घरघर

कित्येकदा या चाचणीत एक विचित्र गोष्ट आढळते. मिक्सर एकटा शांत असतो, अॅम्प्लिफायरही एकटा शांत असतो. दोघांना जोडताच घरघर सुरू होते. येथे दोष कोणत्याही यंत्रात नसून जोडणीत आहे.

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असून तिचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आंदोलन पावतो. घरघरीचा स्वर हा त्या ५० कंपनांचा व त्यांच्या पटींचा असतो. मिक्सर एका ठिकाणच्या प्लगवर आणि अॅम्प्लिफायर दूरच्या दुसऱ्या प्लगवर असेल, तर दोघेही अर्थिंगच्या तारेने जमिनीशी जोडलेले असतात. तथापि त्या दोन ठिकाणच्या जमिनीच्या जोडण्यांत अल्पसा विद्युत्‌दाबाचा फरक राहतो. ध्वनीच्या केबलवरील धातूची जाळी या दोन यंत्रांना आणखी एका वाटेने जोडते. अशा रीतीने एक बंद वेटोळे तयार होते आणि त्यातून प्रवाह वाहू लागतो. समजा, जाळीचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह ५० मिलिअँपिअर आहे. तर जाळीच्या दोन टोकांत ५ मिलिव्होल्टचा फरक पडेल. लॅपटॉपकडून येणारा संगीताचा संदेश सुमारे ३०० मिलिव्होल्टचा धरला, तर हा उपद्रव त्याच्या साठाव्या हिश्श्याइतका झाला. गाण्याच्या गजरात तो लपेल. परंतु वधूवरांना आशीर्वाद देणाऱ्या वृद्धाच्या थरथरत्या आवाजामागे तो स्पष्ट ऐकू येईल.

अर्थिंगची पिन काढली की हे वेटोळे तुटते व घरघर थांबते. परंतु ती तार घरघर निर्माण करण्यासाठी बसविलेली नसते. यंत्रातील एखादी जिवंत तार सैल होऊन धातूच्या पेटीला टेकली, तर प्रवाह अर्थिंगमधून वेगाने जमिनीत जावा आणि फ्यूज किंवा स्वयंचलित खटका पडावा, ही तिची योजना असते. ती नसेल तर पेटी जिवंत राहते आणि केबलच्या जाळीवाटे मायक्रोफोनची धातूची जाळीही जिवंत होऊ शकते. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध १,५०० ओहम धरला, तर २३० व्होल्टला सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. माणसाच्या रक्षणासाठी बसविलेला खटका ३० मिलिअँपिअरलाच पडावा अशी योजना असते, यावरून या आकड्याची भीषणता कळेल. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक, जमिनीशी नीट न जोडलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होताच भर कार्यक्रमात मरण पावला.

सुरक्षित उपाय तीन आहेत. पहिला असा की, ध्वनीची सर्व यंत्रे वीजवाटपाच्या एकाच पेटीवरून चालवावीत. म्हणजे त्यांची अर्थिंग एकाच ठिकाणी येते. दुसरा, ‘बॅलन्स्ड’ केबल वापरावी. तिच्यातील दोन तारांतून संदेश परस्परविरुद्ध दिशेने जातो. बाहेरचा उपद्रव मात्र दोन्ही तारांत सारखाच शिरतो. पुढचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा घेते, त्यामुळे संदेश राहतो आणि उपद्रव वजा होतो. तिसरा, दोन यंत्रांच्या मध्ये विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा. त्यात संदेश चुंबकत्वाच्या द्वारे पलीकडे जातो, धातूची वाट मात्र उरत नाही. असा ट्रान्सफॉर्मर असलेले डीआय बॉक्स बाजारात मिळतात. लॅपटॉपचा चार्जर काढताच गुणगुण थांबत असेल, तर याच उपायाने गुण येतो.

गुणगुण, खरखर आणि शीळ

सर्व उपद्रव जमिनीच्या वेटोळ्यातून येत नाहीत. आवाज तीक्ष्ण व चिरका असून दिवे मंद करताना तो बदलत असेल, तर डिमरवर संशय घ्यावा. डिमर विजेच्या तरंगाचा काही भाग सेकंदाला १०० वेळा छाटतो आणि प्रत्येक छाटणीबरोबर तीव्र उपद्रव उठतो. दिव्यांच्या व ध्वनीच्या केबली शेजारीशेजारी लांबवर नेऊ नयेत. एकमेकींना ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. ढोलाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मांडवातील दिवे डुलत असतील, तर जनरेटर अपुरा आहे किंवा त्याची केबल बारीक आहे.

तुटकतुटक टरटर ऐकू आल्यास जवळचा मोबाईल फोन पाहावा. दुसऱ्या पिढीच्या जीएसएम पद्धतीवरील फोन सेकंदाला सुमारे २१७ स्पंदांनी रेडिओलहरी सोडतो आणि त्या केबलीत शिरतात. बिनतारी मायक्रोफोनचा ग्राहक स्पीकरच्या मागे जमिनीवर दडवून ठेवल्यास आवाज खंडित होतो. तो उंचावर, गायकाला दिसेल असा आणि एलईडी पडद्यापासून दूर ठेवावा.

शीळ ही वेगळीच व्याधी आहे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो आणि प्रत्येक फेरीत बळावतो. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. माईक स्पीकरच्या मागील बाजूस ठेवावा आणि तो तोंडाजवळ धरावा. अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो व शिळेला वाव कमी होतो.

शक्ती वाढविण्याचा मोह

आवाज फाटत असेल तर अधिक मोठा अॅम्प्लिफायर आणावा, असे सर्वांना वाटते. वस्तुतः पुष्कळदा मिक्सरमध्येच संदेश मर्यादेपलीकडे चढविल्यामुळे तरंगांची शिखरे छाटली गेलेली असतात आणि पुढे कितीही शक्ती दिली तरी ती परत येत नाहीत. शिवाय शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. खालचे स्वर पोकळ वाटत असतील, तर एका स्पीकरच्या दोन तारा उलट जोडलेल्या नाहीत ना, हे आधी पाहावे. एक पडदा पुढे व दुसरा मागे जात असल्यास दोघांचे खालचे स्वर एकमेकांना खोडून काढतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचविली आहे. भारतात २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास सर्वसाधारणपणे बंदी आहे. स्वच्छ आवाज कमी मोठा असला तरी दूरवर समजतो. गढूळ आवाज मोठा केला तरी समजत नाही, केवळ बोचतो. म्हणून पाहुणे येण्यापूर्वीचा अर्धा तास साखळीची एकेक कडी तपासण्यात घालविणारा चालक श्रोत्यांच्या कानांचे व गायकाच्या जिवाचे एकाच वेळी रक्षण करीत असतो. त्या तपासणीच्या अखेरीस तिन्ही पिना प्रत्येक प्लगात जागच्या जागी असल्या पाहिजेत.