दलदलीवरचा पतंग

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो परगण्यातल्या बँगोर एरिस गावाबाहेर जमीन पायाखाली दबते. हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचा हा ओला, काळा थर म्हणजे पीट. तो कापायचा, वाळवायचा आणि शेकोटीत जाळायचा, ही इथली जुनी रीत. 2023 साली याच जमिनीवर 60 चौरस मीटरच्या पतंगानं वीज तयार करायला सुरुवात केली.

चाचणी केंद्र 'आरडब्ल्यूई' या जर्मन कंपनीचं, पतंग 'काइटपॉवर' या डच कंपनीचा. इंग्रजी आठचा आकडा आडवा गिरवत तो वर चढतो. दोर ओढला जातो, फिरकी फिरते, तिला जोडलेलं जनित्र वीज देतं. ढील संपली की पतंगाची ओढ कमी करून त्याला खाली खेचतात. खेचायला वीज लागते, पण मिळालेल्या विजेचा तो छोटा हिस्सा. सगळं यंत्र एका कंटेनरात मावतं. मनोरा नाही, काँक्रीटचा खोल पाया नाही.

पाया नसणं ही इथे फार मोठी गोष्ट आहे. 2003 साली शेजारच्या गॉलवे परगण्यात, डेरीब्रायनला पवनचक्क्यांचं बांधकाम चालू असताना डोंगरउतारावरचं पीट सुटलं. लाखो घनमीटर चिखल नदीत उतरला, हजारो मासे मेले. पर्यावरणाचा आढावा कायद्याप्रमाणे न घेतल्याबद्दल युरोपीय न्यायालयानं 2019 साली आयर्लंडला 50 लाख युरोंचा दंड केला. शिवाय पीट उकरलं की त्यात कोंडलेला कार्बन हवेत सुटतो. अशा जमिनीला पतंगाचा हलका भार मानवतो, असं मला मनापासून वाटतं.

पण संक्रांतीला मांज्यानं पंख कापलेला पक्षी ज्यानं हातात घेतलाय, तो आधी दोराकडे बघेल. हा दोर मांज्याहून कितीतरी जाड. तरी वेगानं सरकतो आणि दुरून दिसत नाही. खालची जागा माणसांपासून मोकळी ठेवावी लागते, ते वेगळंच.

उत्तर जर्मनीत क्लिक्सब्युलजवळ असाच पतंग उडवला गेला. तिथल्या रहिवाशांना विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला बऱ्याच अंशी जवळच्या पवनचक्क्यांच्या बरोबरीनं तोललं. नवलाईची खास सवलत दिली नाही.

एरिस भागातली माणसंही ती देणार नाहीत. घरांजवळून जाणाऱ्या गॅसवाहिनीला विरोध करताना न्यायालयाचा आदेश पाळला नाही म्हणून 2005 साली याच भागातल्या पाच जणांनी 94 दिवस तुरुंगात काढले. वाहिनी फुटली तर आमचं काय, एवढंच ते विचारत होते. दोर तुटला तर पतंग कुठे पडेल, हेही इथे कुणीतरी विचारणारच.