सुट्टी कधीची, मोसम कोणता? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाची सफर

परदेशी सहलीचा विषय निघाला की घरात तीन प्रश्न आधी येतात : खर्च किती, व्हिसा मिळेल का आणि जेवणाचे काय? मोसमाचा प्रश्न शेवटी येतो, पुष्कळदा येतच नाही. ऑस्ट्रेलियात आपल्या उलट ऋतू असतात, आपल्याकडे थंडी तेव्हा तिकडे उन्हाळा, एवढे ऐकून अनेक जण डिसेंबरचे तिकीट काढतात. सिडनी किंवा मेलबर्नला हे चालून जाते. पण डार्विन शहर आणि काकाडूचे जंगल पाहायचे असेल, तर डिसेंबरात गेलेल्या कुटुंबाला बंद रस्ते आणि 'प्रवेश मनाई'च्या पाट्याच पाहून परतावे लागेल. वर्षानुवर्षे साठवलेला पैसा असा पाण्यात जाऊ नये, म्हणून हा लेख.

दोनच ऋतू : ओला आणि कोरडा

नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशाच्या उत्तर भागाला तिकडे 'टॉप एंड' म्हणतात. डार्विन ही प्रदेशाची राजधानी विषुववृत्तापासून अवघ्या साडेबारा अंशांवर आहे. त्यामुळे तिथे आपल्या कोकणासारखा मोसमी पाऊस पडतो, फक्त महिने वेगळे. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. वर्षाचा सुमारे १७०० मिलिमीटर पाऊस बहुतेक त्या सहा महिन्यांतच कोसळतो. चक्रीवादळांचा काळही तोच. १९७४ च्या नाताळात 'ट्रेसी' वादळाने डार्विन शहर जवळजवळ भुईसपाट केले होते.

वाऱ्यावर येणारे मुसलमान खलाशी

या वाऱ्यांशी आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक इतिहास जोडलेला आहे. इंग्रजांची वसाहत होण्याआधीपासून इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या मकास्सार बंदरातून मुसलमान खलाशी शिडाची गलबते घेऊन या किनाऱ्यावर येत. डिसेंबरच्या सुमारास वायव्येचा वारा सुटला की यायचे, समुद्रकाकडी गोळा करून उकडायची, वाळवायची आणि एप्रिलच्या आसपास आग्नेयेचा वारा लागला की परतायचे. हा माल पुढे चीनमध्ये विकला जाई. कोकणातल्या जुन्या तांडेलांना वाऱ्याचा हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

१९०६-०७ च्या हंगामानंतर सरकारने परवाने देणे बंद केले आणि ही ये-जा थांबली. पण खुणा राहिल्या. किनाऱ्यावर त्यांनी आणलेल्या चिंचेची झाडे आहेत, आदिवासींच्या गुहाचित्रांत त्यांची गलबते आहेत, आणि अर्नहेम लँडच्या योलंगू लोकांच्या भाषेत पैशाला आजही 'रुपिया' म्हणतात.

काकाडूचे सहा मोसम

काकाडू राष्ट्रीय उद्यान सुमारे २०,००० चौरस किलोमीटरचे आहे. तिथले मूळ रहिवासी वर्षाचे दोन नव्हे, सहा भाग करतात. जानेवारी ते मार्च 'गुडजेवग' : मुसळधार पाऊस आणि पुरुषभर उंचीचे गवत. एप्रिल 'बांगेरेंग' : जाता जाता वादळे ते गवत आडवे करतात. मे ते जूनचा मध्य 'येग्गे' : सकाळचे धुके आणि पाणथळीत फुललेली कमळे. जूनचा मध्य ते ऑगस्टचा मध्य 'वुरगेंग' : गार रात्री, निरभ्र आकाश. पुढे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत 'गुरुंग' : कडक ऊन, आटलेली तळी आणि उरलेल्या पाण्याभोवती पक्ष्यांची दाटी. त्यानंतर 'गुनुमेलेंग' : ढगांचा गडगडाट आणि घामाच्या धारा.

इथली एक गंमत ध्यानात ठेवावी. जिम जिम धबधबा पावसाळ्यात सर्वांत जोरात कोसळतो, पण तेव्हा त्याचा रस्ता पाण्याखाली असतो. तो फक्त विमानातून दिसतो. कोरड्या काळाच्या अखेरीस रस्ता खुला असतो, पण धबधबा आटलेला. रस्ता उघडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच मोलाचे.

आपल्या तीन सुट्ट्या

मुलांची दिवाळीची सुट्टी येते तेव्हा तिथे सर्वांत असह्य उकाडा असतो. नाताळच्या सुट्टीत पावसाळा. उरते उन्हाळ्याची सुट्टी, आणि ती नेमकी जुळते. मेच्या उत्तरार्धात व जूनच्या सुरुवातीला डार्विनमध्ये दिवसा तीस-बत्तीस अंश, रात्री वीसच्या आसपास तापमान असते. जूनच्या अखेरीस तिकडच्या शाळांना सुट्टी लागते आणि गर्दी व दर दोन्ही चढतात. त्याआधी गेलेले बरे.

बकरी ईद घरीच करायची असेल, तर तोही हिशेब करावा. २०२६ मध्ये ईद मेच्या अखेरीस येते, म्हणजे जूनचे पहिले दोन आठवडे हाती राहतात. २०२७ मध्ये ती मेच्या मध्याला येते, म्हणून ईदनंतर जवळजवळ महिना मिळतो.

जाण्यापूर्वी

व्हिसा आधीच काढावा लागतो. सिंगापूरमार्गे जाणे सोयीचे. घड्याळ आपल्यापेक्षा चार तास पुढे असते. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, पण अंधार पडल्यावर जंगलातल्या रस्त्यांवर गाडी चालवू नये. वॉलबी आडवे येतात.

समुद्र कितीही मोहक दिसला तरी मुलांना उतरू देऊ नये. ऑक्टोबर ते मे विषारी जेलीफिश असतात आणि मगरी बाराही महिने. पोहायचे तर लिचफील्ड उद्यानातील डोहांत, तेही त्या दिवशी डोह खुला असल्याची पाटी पाहूनच.

डार्विनमध्ये मशीद आहे. किब्ला आपल्यासारखाच पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला. कोरड्या काळात मिंडिल समुद्रकिनाऱ्यावर गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळचा बाजार भरतो. तिथे इंडोनेशियन, मलेशियन, थाई खाणे मिळते. मांस हलाल आहे का, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारावे. तिकडे मगरीचे मांसही ताटात येते! जंगलाच्या मुक्कामासाठी डाळ, तांदूळ आणि भाजी शहरातूनच घेऊन निघावे.

मकास्सारचे खलाशी वारा पाहून शीड उभारत. आपणही आधी मोसम पाहावा, मग तिकीट काढावे. पैसा तेवढाच लागतो. फरक पडतो तो मुलांनी काय पाहिले यात.